सतरा दुश्मन आणि चांदणी

रूपसिंग आडेनं कारगिलात सतरा दुश्मन लोळवले, हे आर्णीकडच्या त्या बंजारा तांड्यात शेंबड्या पोरालाही तोंडपाठ होतं. पहिल्या वर्षी ते तीनच होते. पण पंचवीस वर्षं दर पंधरा ऑगस्टला शाळेसमोर उभं राहून माणूस एकच गोष्ट सांगतो म्हटल्यावर तीनाचे तीन किती दिवस राहणार? मागच्या साली त्यानं चुकून पंधरा सांगितले, तर पोरांनीच ओरडून दुरुस्त केलं.

गोष्टीत वर दुश्मनाचा बंकर होता, खाली रूपसिंग एकटा, दाताखाली खंजीर. तो खंजीर साधारण आठव्या वर्षी आला. शेवटी झेंडा लागायचा, टाळ्या पडायच्या, आणि पहिल्या रांगेत बसलेली रुपीबाई, तांड्यातली सगळ्यात म्हातारी, काठी आपटून दरवर्षी एकच विचारायची, "अन् मंग?"

मग काय काकी, जिंकलो, असं रूपसिंग म्हणायचा. म्हातारी चुकचुकून उठायची. तिचं डोकं चळलं आहे, अशी रूपसिंगनं आपली समजूत करून घेतली होती. त्याची बायको गंगी तर बंकर जवळ आला की नेमकं काही काम आठवून घराकडे निघायची.

आता खरं सांगायचं तर रूपसिंगनं लढाईत एकही गोळी झाडली नव्हती. तो खेचरांच्या कंपनीत होता. भरतीच्या वेळी साहेबानं विचारलं, जनावरं सांभाळता येतात काय, आणि हा भला माणूस हो म्हणून बसला. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरले, त्याला तांड्यात लदेणी म्हणतात. ती लदेणी सोडून नातू फौजेत गेला म्हणून तांड्यानं ढोल वाजवून त्याला पाठवला होता. तिथं जाऊनही आपण लदेणीच केली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून खंजीर.

तर हे सगळं सुखात चाललं असतं, पण घरात सून आली. वर्षा. शिकलेली, अक्षर मोत्यासारखं आणि डोक्यात एकदा आलं की जाणार नाही. यवतमाळच्या माजी सैनिकांच्या एका संघटनेनं लढाईच्या खऱ्या आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा हिनं सासऱ्याची गोष्ट अकरा पानं लिहून काढली. वाचताना ती रडली, तिचा नवरा राजकुमार रडला. रूपसिंगही रडला, पण वेगळ्या कारणानं. शेवटच्या पानावर संघटनेची अट छापलेली होती: त्या वेळी सोबत असलेल्या एका साथीदाराची सही पाहिजे.

"काळजी नका करू, मामाजी," वर्षा म्हणाली. "मी शोधला. वणीचे नौशादभाई. रविवारी येऊन राह्यले."

रूपसिंगच्या तोंडचं पाणी पळालं. नौशाद त्याच्याच कंपनीतला, आता वणीत कोळशाच्या ट्रकांचं गॅरेज चालवणारा. त्याची गाठ पडू नये म्हणून हा माणूस पंचवीस वर्षं वणीच्या वाटेला गेला नव्हता. लग्नाची आमंत्रणं आली तरी पोट दुखायचं. आता सुनेनं वणीच उचलून घरी आणली होती. आणि कार्यक्रमही कसा, तर रविवारी दुपारी निंबाच्या ओट्यावर अख्ख्या तांड्यासमोर गोष्ट वाचायची आणि सगळ्यांच्या साक्षीनं सही घ्यायची. एवढ्या लोकांसमोर नौशाद हसला असता, तर रूपसिंगला तांड्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

रविवारी सकाळी तो अकरा पानं कुडत्यात खुपसून आर्णीच्या स्टँडवर हजर झाला. एसटीतून नौशाद उतरला. पोट सुटलेलं, दाढी मेंदीनं लाल. त्यानं रूपसिंगला असं आवळलं की कुडत्यातली पानं चुरगळली. रूपसिंगनं त्याला हॉटेलात नेलं, चहा सांगितला आणि मुकाट सही कर म्हणून सरळ पायच धरले. नौशादनं चष्मा लावून वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर त्याला ठसका लागला, सहाव्यावर खंजीर आला तेव्हा चहा नाकातून बाहेर आला.

"सही मारतो बे," डोळे पुसत तो म्हणाला. "तुह्यासाठी एवढं नाई करू काय? पन एक बात हाय. ह्याच्यात चांदणी कुठं हाय?"

 चांदणी म्हणजे त्याचं खेचर. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून चांदणी.

नौशाद अडूनच बसला. त्याचं म्हणणं, झूट लिही, सतराचे सत्तर कर, पण चांदणीला वगळून मी सही करणार नाही, वर जाऊन अल्लाला काय सांगू. बरं, म्हणाला रूपसिंग, घालू कुठंतरी. पेन घेऊन दोघं डोकं लावून बसले. पण खेचराला गोष्टीत घुसवणं काही सोपं नाही. चांदणी बंकरपर्यंत नेली, तर ती दगडाआडून सरपटणार कशी? मागं ठेवली, तर तोफेचे गोळे वर आणले कुणी? गोळे तिनं आणले म्हटलं, तर तिची दोरी धरून कोणीतरी चालायला पाहिजे, आणि ती रूपसिंगशिवाय कुणाचं ऐकत नव्हती. गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत बोललं तरच पाऊल उचलायची. रूपसिंगनं दोरी हातात घेतली, तर खंजीर धरायला कोणी उरला नाही. पहिला खंजीर गेला. मग दुश्मन एकेक करून उठून गेले. तिसरा चहा संपेपर्यंत बंकरही गेला, आणि अकरा पानांवर उभ्या-आडव्या रेघांखाली एक माणूस आणि एक खेचर डोंगर चढत राहिले.

"आता झालं चोक्कट," नौशाद म्हणाला.

"आता मेलो मी," रूपसिंग म्हणाला.

दुपारी ओट्यावर सगळा तांडा जमला. आर्णीहून वामनराव मास्तरही आले होते. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी ते दिसले की सगळे बिड्या विझवायचे. वर्षानं पानं मागितली. रेघोट्या पाहून तिनं डोक्याला हात लावला. रूपसिंग उठला.  म्हणाला, वाचू नको, मी सांगतो.

आणि त्यानं सांगून टाकलं. बंकर नव्हता, सतरा नव्हते, तीनही नव्हते. मी खेचरावाला होतो. अंधारात तोफेचे गोळे अन् पाणी घेऊन वर जायचं, जखमी घेऊन खाली यायचं. चांदणीच्या पाठीला खोगीर घासून जखम झाली होती, तरी ती चालत होती. फौजेत जाऊनही मी लदेणीच केली. एवढं बोलून तो मान खाली घालून उभा राहिला.

कोणी हसलं नाही. वामनराव मास्तरांनी विचारलं, "जखम डाव्या अंगाले होती नं?"

"डाव्याच. तुमाले काय माहीत?"

"तुह्या चिठ्ठीत होतं."

तेव्हा रूपसिंगच्या टाळक्यात उजेड पडला. लढाई चालू असताना त्यानं गंगीला एकच चिठ्ठी लिहिली होती. गंगीला वाचता येत नव्हतं. आणि त्या काळी तांड्यात चिठ्ठी आली की ती एका घराची नसायची. मास्तर याच ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे, आणि शिक्का कोणत्या गावचा इथपासून सगळा तांडा ऐकायचा. त्या चिठ्ठीत खेचरच खेचर होतं.

त्याला रागच आला. पंचवीस वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला खंजीर घेऊन नाचू दिलं? एकानंही टोकू नये?

गंगी चारचौघांत नवऱ्यासमोर कधी बोलत नसे. आज बोलली.

"तुमी आले तवा सालभर तोंड उघडलं नाई. जेवा म्हटलं तं जेवत, बसा म्हटलं तं बसत. मंग एक दिवस बोलले, ते बंकरचं बोलले. माणूस बोलून तं राह्यला. कोन थांबवते?"

 रूपसिंग मटकन ओट्यावर बसला. तेवढ्यात पहिल्या रांगेत काठी आपटली.

"अन् मंग?" रुपीबाई म्हणाली. "चिठ्ठीत चांदणीले जखम झालती. मंग काय झालं तिचं? मी कवापासून विचारून राह्यली."

रूपसिंगनं तिच्याकडे पाहिलं. म्हातारीचं डोकं कधीच चळलं नव्हतं. ती दरवर्षी चिठ्ठीच्या पुढचं विचारत होती.

मग त्यानं पुढचं सांगितलं. पाय गेलेला एक जवान तिच्या पाठीवर बांधला होता. वाटेत गोळा पडला, तिला लागलं, पण ती थांबली नाही. खाली तळावर आली, जवानाला उतरवून घेतलं, आणि मग ती बसली. खेचर असं बसत नाही. रूपसिंग तिची दोरी धरून उजाडेपर्यंत तिच्याशी गोरमाटीत बोलत राहिला, पण ती उठली नाही. जवान वाचला. आपली गोरमाटी समजणारं तिथं तेवढंच होतं, असं तो म्हणाला आणि रडायला लागला.

रुपीबाईनं पदर डोळ्याला लावला. जनावर पाठीवर ओझं असेपर्यंत उभं राहिलं, याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या लदेणी केलेल्या त्या तांड्याला समजावून सांगावा लागला नाही. थोड्या वेळानं म्हातारीनं नाक शिंकरलं आणि रूपसिंगला झापलं, की एवढं सांगायला पंचवीस साल लागतात काय, मधल्यामधी मी मेले असते तर?

नौशादनं दाढीवरून हात फिरवून सही केली. गंगी पुढं आली आणि म्हणाली, "माहा बी अंगठा घे."

वर्षानं समजावलं की रकाना एकच आहे आणि अट लढाईत सोबत असलेल्या माणसाची आहे. गंगीनं ऐकून घेतलं आणि शाईच्या डबीत अंगठा बुडवला. तिच्यामागं रुपीबाई उभी होती, आणि तिच्यामागं चिठ्ठी ऐकलेल्यांची रांग निंबाच्या पार पलीकडे गेली होती.