पुण्याचा सूर्यास्त

पावणेसहा होत आले होते. काशीत बालाजी घाटाजवळच्या मंगल कार्यालयात अंतरपाट तयार होता आणि माझ्या नातीचा मामा, विश्वजीत, मैदागिनच्या गर्दीत गाडीत अडकला होता.

गोपीनाथ गुरुजींनी मला खांबाआड घेतलं. "काका, गोरज मुहूर्त सहा अठ्ठावीसचा कुणी काढला? सूर्य तर आत्ता बुडतोय."

मीच काढला होता. पुण्याहून दरवर्षी मागवतो त्या पंचांगातला सूर्यास्त बघून. पुण्यात सूर्य आपल्यापेक्षा पाऊण तास उशिरा मावळतो, हे काशीत जन्म काढलेल्या माणसाला सुचू नये! पत्रिका तशाच छापल्या. त्या वेळेवरूनच विश्वजीतला विमान निवडून दिलं. पुण्याहून दोन तास, बाबतपूरच्या विमानतळावरून घाटापर्यंत दीड तास. हिशेब तीनदा तपासला होता.

"थांबता येईल?"

"सहापर्यंत ओढतो. पुढे गोरज नाही."

आत माझी नात वैदेही गौरीहरापुढे बसली होती. आई गेल्यापासून तिला आजोळचा विश्वजीत हा एकच माणूस. मी सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"आजोबा, मामाने हात धरून नेल्याशिवाय मी उठणार नाही. मुहूर्त गया तो गया."

"पण सासरची माणसं..."

"उनसे आप बोलिए ना."

चार माणसांत बोलायला मला जमत नाही. मांडवात गुरुजींनी मुहूर्त सहापर्यंतच असल्याचं सांगून टाकलं होतं आणि मुलाची आई, सुरुचीताई, संतापल्या होत्या.

"मामांना म्हणे विमानाने आणताहेत. बैलगाडीने लवकर आले असते!"

हशा पिकला. विश्वजीतवर.

"चूक त्यांची नाही," मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो, तेव्हा आवाज नको इतका मोठा निघाला. "माझी आहे. मी पुण्याचा सूर्यास्त धरला."

आता वऱ्हाड उठणार, असं मला वाटलं.

"म्हणजे आमच्या पुण्यात अजून ऊन आहे?" सुरुचीताईंनी विचारलं.

"असेल. पाऊण तास."

त्या गुरुजींकडे वळल्या. "आम्ही सगळे तिथूनच आलोय. पत्रिकेवरचीच वेळ धरा."

"काशीत बसून पुण्याचा सूर्य धरू?"

"चार पिढ्या काशीत बसून मराठी बोलताय ना? मग?"

गुरुजी हसले नाहीत. पण पोथी मिटून त्यांनी चहा मागवला.

सव्वासहाला विश्वजीत जिना चढून आला. बूट हातात, सदरा घामाने चिकटलेला.

"काका, माझ्यामुळे चुकला ना मुहूर्त?"

चूक माझी, हे त्याला सांगायला हवं होतं. पण मुहूर्ताला तेराच मिनिटं उरली होती. मी त्याच्या पाठीला हात लावून त्याला आतल्या खोलीकडे ढकललं. दाराआड बांगड्या वाजल्या. वैदेही उठत होती.