दादाची सेफिक्झिम

आईला दोन शिंका आल्या की दादा दुकानातून सेफिक्झिमची, जंतू मारणाऱ्या गोळ्यांची, पट्टी आणायचा. औषधांचं दुकान घरचंच, मग डॉक्टरकडे जातंय कोण? दोन गोळ्यांत बरं वाटलं की आई उरलेल्या गोळ्या डब्यात टाकायची आणि शेजारणींना ऐकवायची, "माझा मुलगा अर्ध्या डॉक्टरांना खिशात घालेल."

दादाची धाकटी बहीण शाळेत विज्ञान शिकवायची. "अगं, सर्दी आपोआपच जाते," असं ती म्हणाली की दादा हसायचा. "मास्तरीणबाई, ते फळ्यावर शिकवा."

यंदा आईला लघवीला जळजळ सुरू झाली, मग हुडहुडी भरून ताप. दादाने तीच पट्टी दिली. ताप हटेना तेव्हा गोळ्या दुप्पट केल्या. धाकटी भेटायला आली तर आई तिला ओळखेना. कुणालाही न विचारता तिने गाडी बोलावली आणि आईला दवाखान्यात नेलं.

तिथे आधी त्या गोळ्यांच्याच घराण्यातल्या औषधाचं इंजेक्शन सुरू झालं. तेही लागू पडेना. लघवीच्या तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी भावंडांना बोलावलं.

"हे औषध जंतूंची भिंत पाडतं. लघवीचा संसर्ग असो, टायफॉइड असो, एरवी चांगलं काम करतं. पण सर्दीच्या विषाणूला मुळात भिंतच नसते. ऊठसूट, तेही अर्धवट घेतल्याने पोटातले साधे जंतू मेले आणि या औषधाचे तुकडे करणारे तेवढे माजले. तेच आता लघवीच्या मार्गात शिरलेत. कोण देत होतं यांना?"

धाकटीने दादाकडे पाहिलं. दादा कानाला मोबाइल लावून बाहेर निघून गेला.

दुसऱ्या, जास्त जोरकस औषधाने आई वाचली. तोवर पसरलेल्या संसर्गाने मूत्रपिंडं मात्र कायमची गेली.

आता धाकटी शाळा सांभाळून तिला डायलिसिसला नेते. दादाला दुकान सोडवत नाही.

परवा आई शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "दादाच्या गोळ्यांनी उतार पडतच होता हो. हिलाच दम निघेना. दवाखान्यात आणून घातलं आणि हे मागे लागलं."

धाकटी तिच्या पायांवर चादर ओढत होती. सगळं अगदी ओठांवर आलं. मग नळ्यांतून फिरणारं आईचं रक्त तिला दिसलं.

"घरी गेल्यावर पाणी बेताने पी, आता ते अंगात साठतं," एवढंच ती म्हणाली.

आईने तोंड फिरवलं. "दादाने मला पाण्याला कधी नाही म्हटलं नसतं."