उसना दम

तिचा नवरा डॉक्टरीणबाईंसमोर धडधडीत खोटं बोलत होता.

"दम कालपासूनच लागतोय. पित्त असेल."

पित्त म्हणे! गुडघ्याच्या ऑपरेशनला महिना होत नाही, तोवर हा माणूस बँडच्या तालमीला पळाला होता. दौऱ्याची निवड तोंडावर आलेली, आपली ट्रम्पेटची जागा जाईल ही धास्ती. चार पायऱ्या चढला की भिंत धरायचा. डॉक्टरकडे चला म्हणून तिने घसा कोरडा केला, पण पालथ्या घड्यावर पाणी! आज तालमीत मटकन खाली बसला, तेव्हा कुठे इथे आला.

"ऑक्सिजन कमी आहे, नाडी पळतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाय दुखतो का?"

"छे!" म्हणत त्याने चादर ओढून घेतली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात त्याला इथे घेऊन आलेला, त्याच्या शेजारी बसून वाजवणारा मित्र पुढे झाला.

"वहिनी, रागावू नका. एकाचा श्वास संपला की शेजारच्याने सूर धरून ठेवायचा, ही आमची रीतच आहे. आठवडा झाला, याचे लांब सूर मीच ओढतोय. पोटरीही सुजलीय. बुटाची नाडी मीच बांधून देतो."

"फार उपकार केलेत! माझ्या कानावर घालायला काय झालं होतं?"

डॉक्टरीणबाईंनी चादर बाजूला केली. एक पोटरी दुसरीपेक्षा चांगलीच फुगली होती. नुसता हात लावताच तो कळवळला.

"पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असावी. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला असेल. हे जिवावर बेततं."

ऑक्सिजन लावला, रक्त पातळ करणारं इंजेक्शन लगेच दिलं, मग स्कॅनला नेलं. गुठळी निघालीच. आता काही महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही. दौरा गेला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. "आता कसं वाटतंय?"

"एकदम बरं."

"अहो, आता तरी खरं बोला!" ती ओरडलीच. शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकले.

तो मास्कच्या आतून म्हणाला, "भीती वाटतेय. पहिल्या दिवसापासून वाटत होती."

दिवसभर ती भांडणाची तयारी करून बसली होती. आता त्यातलं एकही वाक्य आठवेना. तिने स्टूल खाटेला चिकटवलं आणि त्याचा हात धरला.