एक हजार एकावे मत

मी एक जुने मतदान यंत्र आहे, मित्रांनो, पण माझ्या नशिबी एकही निवडणूक आलेली नाही. अविवाहिताने संसारावर भाषण द्यावे, तसे माझे बोलणे वाटेल. तरी ऐका.

कारखान्यात माझी चाळीस हजार भावंडे खोक्यांत बसली होती. सरकारी तपासणीसाठी त्यांतून नेमके मला उचलले. मी पास झाले तर सगळी पास, नाहीतर सगळी भंगारात. एकट्याच्या डोक्यावर घराची अब्रू म्हणतात ती हीच.

तपासणी म्हणजे काही पाहुणचार नव्हे. मला भट्टीत तापवले, शीतपेटीत गारठवले, हलत्या फळीवर बांधून दीड तास गदागदा हलवले. मी हूं की चूं केले नाही. मग आली मोजणी. उमेदवार चार: कात्री, छत्री, चमचा आणि बादली. तपासनीस बाईंच्या हातात यादी होती. दर मताआधी त्या माझे कुलूप उघडत, यादीतले बटण दाबत, मी ‘पीं’ करी, कुलूप आपोआप लागे आणि त्या खूण करीत. अशी हजार मते द्यायची होती. बाई भारी काटेकोर. जांभईसुद्धा दोन मतांच्या मध्येच देत.

एकदा कुलूप उघडले आणि शेजारच्या खोलीत त्यांचा फोन वाजला. सासूबाईंचा फोन, तो न उचलून कसे चालेल? त्या गेल्या आणि तपासणी खात्याचे मोठे साहेब आत डोकावले. ‘यंत्राला हात लावू नये’ ही दारावरची पाटी त्यांच्याच सहीची होती. त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि हळूच बादलीचे बटण दाबले. मी ‘पीं’ केले. साहेब खूश होऊन निघून गेले. बाई परतल्या, कुलूप बंद दिसले, म्हणून पुन्हा उघडून कामाला लागल्या.

संध्याकाळी बेरीज आली एक हजार एक. बादलीला एक मत जास्त.

कारखान्याचा इंजिनिअर घामाने निथळला. साहेबांनी चष्मा लावला आणि ‘यंत्र विश्वासार्ह नाही’ असा शेरा लिहायला घेतला. खरे सांगते, मला रडू आले. सगळे ठाऊक असून मला ‘पीं’शिवाय एक अक्षर बोलता येत नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

बाईंनी मात्र माझ्या पोटातली नोंद कागदावर काढली. त्यात प्रत्येक मताची वेळ असते. एका ओळीवर बोट ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, अकरा वाजून बारा मिनिटांनी मी फोनवर होते. तेव्हा खोलीत कोण होतं?”

साहेबांचे पेन थांबले. माझी चाळीस हजार भावंडे त्या पेनाच्या टोकावर लटकली होती.

“मीच दाबलं,” साहेब म्हणाले. “आवाज कसा येतो ते बघायचं होतं.”

इंजिनिअरने लगेच प्रमाणपत्र मागितले. बाईंनी मान हलवली. “मध्ये बाहेरचा हात लागला, चाचणी रद्द. उद्या पहिल्या मतापासून सगळं परत.”

मला त्यांचा रागच आला. निर्दोष सुटले तरी पुन्हा हजेरी? दुसऱ्या दिवशी खुणा करायला बाईंनी साहेबांनाच बसवले. हजारावी खूण होईस्तोवर त्यांची मान आखडली. बेरीज हजारच्या हजार जुळली आणि साहेबांनी स्वतः मोजलेल्या आकड्याखाली सही केली; आता शंकेला जागाच उरली नाही. तेव्हा कुठे मला बाईंचे म्हणणे पटले.

भावंडे गावोगाव गेली. मी नमुना म्हणून इथे तपासणी खात्याच्या कपाटातच राहिले. कुणी विचारपूस करत नाही याचे वाईट वाटते, पण दरवर्षी बाई मला बाहेर काढून नव्याने मोजतात. मित्रांनो, मला जपायचे तर असेच जपा. कौतुक कमी करा, तपासणी जास्त करा. त्याचा मला मुळीच अपमान वाटत नाही. फक्त चूक कबूल करायचे बटण माझ्यात बसवलेले नाही. ते तुम्हा माणसांकडेच आहे. ते चालते ना, हे अधूनमधून दाबून पाहत जा.