गुरुजींच्या दिडकीची कॅसेट

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण उस्मानाबादेतून वेगळ्या झालेल्या लातूर जिल्ह्याचे तिसऱ्या वर्षीही सरले नव्हते. त्याच हौसेत रेणापूरकडच्या एका खेड्यातल्या शाळेला टेपरेकॉर्डर मिळाला. मुख्याध्यापक गुरुपादप्पा गुरुजींनी तो बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि किल्ली करदोट्याला बांधली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सरकारी वस्तू बिघडली की पेन्शन अडकते, ही भीती त्यांच्या हाडात बसलेली. दहा महिने टेपनं उजेड पाहिला नाही.

तसा तो लावला असता तरी ऐकणारं कोण होतं? पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दडी मारली होती. टँकर सकाळी कधीही यायचा, म्हणून घागरी उजाडायच्या आधीच रांगेत उभ्या राहायच्या. पण घागरीला राखण लागते. धोंडाबाई नावाची एक म्हातारी होती. जरा नजर चुकली की तिची घागर चार घागरी पुढं सरकलेली असायची. घरची माणसं कामावर, म्हणून राखणीला पोरं. वर्गात उरली सात.

अशात निरोप आला, की गुरुवारी साहेब तपासणीला येणार आणि हजेरी वीसच्या खाली असली तर दोनातला एक शिक्षक कमी होणार. कोण कमी होणार हे उघड होतं. सिंधुबाई नवीन होत्या. त्या आल्यापासून अडखळणारी पोरं धडाधड वाचायला लागली होती. गुरुजींना त्या लेकीसारख्या वाटायच्या, पण त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं. तोंड उघडायचं ते पाढ्यांसाठी, असा त्यांचा बाणा.

“गुरुजी, पोरं येत न्हाईत तर शाळाच रांगेत नेऊ,” सिंधुबाई म्हणाल्या. “टेप लावू. घागरी बी राखतील, शिकतील बी.”

“धूळ जाईल आत.”

“मी पुसून ठेवीन.”

“आन् बिघडला तर?”

“टेप कपाटात धड राहील गुरुजी, पण माझी बदली झाल्याबिगर ऱ्हात न्हाई.”

गुरुजींनी करदोट्याला हात घातला. गाठ सोडायला त्यांना बराच वेळ लागला. दहा महिन्यांत ती पक्की बसली होती.

मंगळवारी टेप रांगेत गेला. कॅसेटमधल्या बाई फार शुद्ध आणि फार सावकाश बोलायच्या. पोरं फिदीफिदी हसायला लागली आणि तेवढ्यात धोंडाबाईची घागर पुढं गेली. सिंधुबाईंनी कोरी कॅसेट घालून टेप गुरुजींपुढं धरला. “तुमची दिडकी म्हणा.” दीडपटीचा तो पाढा गुरुजी अशा चालीवर म्हणायचे, की जाणारा माणूस थबकायचा.

गुरुजींनी ती टेपमध्ये म्हटली आणि मग स्वतःचा आवाज ऐकला. “लई खोकतो की मी,” ते म्हणाले आणि आणखी तीनदा लावायला लावला. बुधवारी बायापोरांसकट सगळी रांग दिडकी म्हणत होती.

गुरुवारी साहेब आले. शाळेला कुलूप पाहून तापले आणि आवाजाच्या मागानं रांगेशी पोचले. गुरुजी हजेरीपुस्तक घेऊन सामोरे गेले, नेमके तेव्हाच टेपचे सेल उतरले. “पाच दिडे” म्हणता म्हणता टेपमधले गुरुजी म्हशीसारखे रेकले आणि थांबले. सिंधुबाईंचा चेहरा पडला. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

“साडेसात,” रांगेतून आवाज आला. धोंडाबाई होती. “सहा दिडे नऊ.”

पुढचं पोरांनी उचललं. सात दिडे साडेदहा, आठ दिडे बारा. दिडकी संपेपर्यंत साहेबांनी डोकी मोजली. एकतीस पोरं आणि वर धोंडाबाई.

“शाळा भरलीय,” ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. गुरुजी नुसते खोकले.

टँकर आला तेव्हा पहिली घागर धोंडाबाईची होती. ती तिथं कशी गेली, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

दुपारी गुरुजींनी लुगड्यानं टेप पुसून कपाटात ठेवला आणि किल्ली सिंधुबाईंच्या हातावर ठेवली.

“ठेवा तुमच्यापाशी,” ते म्हणाले. “निवृत्त मी होणार हाय, टेप न्हाई.”