पुलावरचा निशाणवाला

काकासाहेबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, एकदाही कुठं खरचटलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत घरच्याच पायरीवरून घसरून पाय मोडून घेतला. दोन हजार चार सालची गोष्ट. प्लास्टर घालून खाटेवर पडलेला माणूस दिवसभर कुणावर ना कुणावर तरी खेकसायचा. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. त्यांची मुलगी बेबीनंदा जुन्या जालन्यात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिनं क्लासमधला मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर आणून त्यांच्या खाटेशेजारी मांडला.

त्यात लढाईचा एक गेम होता. बुद्धिबळासारखी घरं, आपली सहा माणसं. एक चाल आपली, एक शत्रूची. दोन लढायांच्या मधे गोष्ट पुढं सरकायची. ती इंग्रजीत, म्हणून बेबीनंदा वाचून सांगायची. परकी नावं अण्णांच्या तोंडात बसेनात. त्यांनी आपली सोय केली: धनुष्यवाली, घोडेवाला, आणि सगळ्यांत थोराड तो निशाणवाला.

अण्णांना गेमचं वेडच लागलं. एक माणूस पडला तरी ते लढाई पहिल्यापासून खेळायचे. गाडीत बसलेला प्रत्येक माणूस धड उतरला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

पाचव्या लढाईआधी गेमनं विचारलं, किल्ल्यावर पुलावरून जायचं की नदीतून? अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि पूल धरला. लढाई जिंकली, सहाही जण उभे होते. तरी नंतरच्या गोष्टीत कुठूनसा बाण आला आणि निशाणवाला पडला. अण्णांनी पुन्हा सुरू केलं. नदीतून गेले, तरी नंतरच्या गोष्टीत तो पुलावरच येऊन पडला. तिसऱ्यांदा त्याला सगळ्यांच्या मागं ठेवला, भोवती चौघं उभे केले. बाण आलाच.

बेबीनंदानं हा गेम आधीच संपवला होता. तिला राहवेना.

"अण्णा, तो वाचत न्हाई. कुठूनबी जा. लिहिणाऱ्यानं त्याचं मरण आधीच लिहून ठेवलंय."

"मंग कुठून जायचं म्हणून इचारतंय कशाला?"

आपल्या हातात काही आहे असं वाटावं म्हणून, असं ती म्हणाली. अण्णांनी माउस ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं, ते घरात कुणाला माहीत नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी साली ते जाफराबादहून जालन्याला गाडी आणत होते. अर्ध्या वाटेच्या जरा आधी एका फाट्यावर पुष्पाबाई नावाच्या बाईला चढवलं, तिला साप चावला होता. माघारी फिरावं तर जाफराबादचा दवाखाना होता, पण तिथं डॉक्टर असेल की नसेल कोण जाणे. पुढं जालन्याला मोठा दवाखाना, पण वाट थोडी लांबची. गाडीतली माणसं त्यांच्याकडं बघत होती. त्यांनी गाडी पुढं काढली, मधे कुठंही न थांबता. जालना दिसायला लागलं तेव्हा बाई गेली.

"त्या दिवशी जाफराबादला डॉक्टर होता का, ते मी कधी इचारलंच न्हाई," अण्णा म्हणाले.

बेबीनंदानं त्यांचा हात धरला. त्या बाईचंही मरण लिहिलेलंच असेल, अण्णा कुठूनही गेले असते तरी तेच झालं असतं, अशी तिनं समजूत काढली.

अण्णांनी हात सोडवून घेतला. रागानं नव्हे.

"या गेमला लिहिणारा हाये, पोरी. माझ्या रस्त्यावर कोण होता? दोन्ही वाटा खऱ्या होत्या. एक मी धरली. ते नशिबावर नको टाकू. तेवढं माझंच राहू दे."

ती चहा टाकायला उठली. परत आली तेव्हा अण्णा पुन्हा खेळत होते.

या खेपेला त्यांनी पूलच धरला. शत्रूचा एकच माणूस उरला होता. त्याला मारलं की लढाई संपली असती; पण त्याला तसाच सोडून अण्णांनी आपली माणसं एकेक करून माघारी आणायला घेतली. लांब गेलेल्या घोडेवाल्याला चार चाली लागल्या.

"अण्णा, तो वाचणार न्हाई," ती हळूच म्हणाली.

"ठावं हाये. पण एकटा नको."

पाचही जण निशाणवाल्याला चिकटून उभे राहिले, मग धनुष्यवालीनं लांबूनच तो शेवटचा शत्रू पाडला. बाण आला. मरता मरता निशाणवाला चार ओळी बोलतो, त्या बेबीनंदानं आजवर भराभर पुढं ढकलल्या होत्या. आज तिनं एकेक शब्द सावकाश मराठीत करून सांगितला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

मग पडद्यावर सहावं मैदान उघडलं. पाच माणसं रिकाम्या घरांच्या कडेला येऊन थांबली होती. अण्णा पुढं वाकले आणि कुणाला कुठं उभं करायचं ते बघू लागले.