हाक न मारलेली सकाळ

मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे. म्हातारी म्हणत नाही, कारण तसं म्हटलं की येणारा-जाणारा माझा ओठ वर करून दात बघायला लागतो. रंगानं तांबडी, नाव पाखरी, राहणार तामलवाडी, तालुका तुळजापूर. राहणार म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. उरलेले आठ महिने आमचं घरच माझ्या पाठीवर असतं. भांडी, वाकळा, पालाचं कापड, दोन कोंबड्या आणि अलीकडे गुडघा दुखायला लागल्यापासून आमची मालकीण सिताबाई. कोंबड्या फार बडबडतात. सिताबाई त्याहून थोडी कमी.

माझा जन्म सास्तूरच्या एका शेतकऱ्याकडे झाला. त्याच्या रानात सिताबाईचा नवरा महारुद्र आठ दिवस मेंढ्या बसवून होता. लेंडीखतानं रान असं माजलं की पुढच्या साली ज्वारीत माणूस दिसेना. त्या आनंदात शेतकऱ्यानं मला महारुद्रच्या हाती दिलं. म्हणजे मी लेंड्यांच्या बदल्यात आलेली घोडी आहे. मला त्याची लाज वाटत नाही. खतापासून काय काय उगवतं ते मी पाहिलं आहे.

महारुद्रनं मला ओझ्याआधी रस्ता शिकवला. पहिले दहा दिवस त्यानं मला हमरस्त्यापासून लांबच्या लिंबाला बांधलं आणि पुढ्यात कडबा टाकला. तिथून ट्रकचा आवाज नुसता भुणभुण यायचा. मग जवळच्या लिंबाला, मग चहाच्या टपरीमागं. शेवटी ट्रकचा वारा अंगावर येऊ लागला तरी मी कडब्यातून तोंड वर काढीना, तेव्हा त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "झालं. आता ही कुठंबी चालंल," तो म्हणाला. इतकी वर्षं मी डांबरी रस्त्याच्या कडेनं शांतपणे चालले, त्याचं श्रेय त्या कडब्याला आणि महारुद्रच्या धीराला आहे. लोक मात्र म्हणायचे, घोडी गरीब आहे. गरीब कसली, मी शिकलेली आहे.

आता आमच्या सोबतचे बरेच जण बिऱ्हाड टेंपोत घालून नेतात. त्यांच्या घोड्या गोठ्यात माश्या हाकलत उभ्या असतात. मला अजून काम आहे याचं मला बरं वाटतं.

तीन वर्षांमागं मार्गशीर्षात तेरजवळ एका रानात मला शिंगरू झालं. भुरकट रंगाचं म्हणून त्याचं नाव भुऱ्या पडलं. महारुद्रच्या घरात एक जुनी रीत आहे. शिंगराला पहिल्या दसऱ्याची पूजा होईपर्यंत गळ्यात दावं बांधायचं नाही. बांधलं तर वाढ खुंटते, असं त्याचे वडील सांगायचे आणि त्यांना त्यांचे. त्यामुळे भुऱ्या मोकळाच हुंदडायचा. रानात त्यानं काही बिघडत नव्हतं.

वैशाखात आम्ही तामलवाडीला परत निघालो. शेवटचा टप्पा मोठ्या रस्त्याचा होता. सकाळची वेळ होती. महारुद्र मेंढ्या घेऊन पुढं गेला होता आणि त्यानं त्या खालच्या मातीच्या वाटेला उतरवल्या होत्या. मागं मी डाव्या कडेनं चालले होते. माझ्यावर सिताबाई आणि मागून पायी तिची सून दैवशाला. भुऱ्या कुठं होता? तो रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर. आजूबाजूला सगळं रान वाळून गेलेलं, पण दुभाजकावर टँकरनं पाणी घालतात, तिथं कोवळं हिरवं गवत होतं. आम्ही बघेपर्यंत तो तिथं पोचला होता.

तेवढ्यात मागून दहा चाकांचा ट्रक आला. भुऱ्यानं मान वर केली, मी पलीकडं दिसले आणि तो खिंकाळला.

मित्रांनो, आईला लेकरानं हाक मारली की तिनं ओ द्यावी, एवढं एकच मला जन्मापासून येतं. पण मी ओ दिली असती तर तो सरळ माझ्याकडं धावला असता, ट्रकच्या पुढ्यात. माझ्या नाकपुड्या फुगल्या. हाक घशाशी आली होती.

सिताबाईनं लगाम ओढला नाही. ती वाकली आणि तिनं माझ्या मानेवर हात पसरून ठेवला.

"गप ऱ्हा, बाय," ती हळूच म्हणाली. "आता वरडू नगंस."

मी गप्प राहिले. एवढं अवघड काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

दैवशालानं आरडाओरडा केला नाही, पदर हलवला नाही. तिनं कडेला उभं राहून नुसता एक हात वर केला. ट्रक हळू झाला, थांबला. आणि मग चालकानं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यानं हॉर्न वाजवला नाही. पिवळे दिवे लुकलुकते ठेवले आणि इंजिनच बंद केलं. मागच्या मोटारीनं हॉर्न दिला, तसा भुऱ्या दचकला आणि त्याचे पुढचे पाय डांबरावर आले. चालक खाली उतरून मोटारीकडं चालत गेला.

"सायेब, शिंगरू हाय. दचकंल," तो म्हणाला. हॉर्न बंद झाला.

मग सिताबाईनं मला चालवत, अगदी बैलाच्या चालीनं, दुभाजकापाशी नेलं. भुऱ्या पुढं आला आणि त्यानं काय करावं? भर हमरस्त्यात माझ्या पोटाखाली तोंड घालून दूध प्यायला लागला. मागं गाड्यांची रांग लागलेली.

"दादा, तुमचा खोळंबा झाला," सिताबाई ओशाळून म्हणाली.

"पिऊ द्या, अव्वा," चालक म्हणाला. तो उमरग्याकडचा, नाव महालिंगप्पा. "गाडीत शिमेंट हाय. नासत न्हाय."

कडेला आल्यावर दैवशालानं ओझ्याची दोरी सोडून भुऱ्याच्या गळ्यात बांधली. तोवर महारुद्र धावत परत आला होता. दोरी बघून त्याचा चेहरा उतरला.

"दसऱ्याच्या आधी दावं? आपल्यात चालत न्हाय."

"अवं, दसरा बघाया ते जित्तं ऱ्हायाला पायजे का न्हाय?" सिताबाई म्हणाली.

महारुद्र एकदा रस्त्याकडं बघून भुऱ्यापाशी आला. मग गुडघ्यावर बसला.

"सूनबाई, गाठ फासाची झालीय. वडली तर गळा आवळंल," तो म्हणाला, आणि त्यानं स्वतःच्या हातानं दुसरी, न सरकणारी गाठ मारली. वाडवडिलांची रीत त्यानं मोडली ती माझ्या लेकरासाठी. त्या हातांचं ऋण माझ्यावर आहे.

तेव्हापासून रस्त्यावर भुऱ्या माझ्या रानाकडच्या अंगाला, दाव्यानं चालतो. दैवशालानं ओझ्यावर चमकणाऱ्या पट्ट्या शिवल्या आहेत, आणि अंधार पडायच्या आत आम्ही रस्ता सोडतो. आमच्याकडून एवढं. मित्रांनो, तुमच्याकडून मी थोडंच मागते. उद्या तुमच्या हाती गाडी येईल. रस्त्याच्या कडेला घोडं दिसलं तर वेग कमी करा, बैलगाडी मावेल एवढी जागा सोडून जा, आणि हॉर्नवरचा हात उचला. आम्हाला गाडीची भीती कमी वाटते, अचानक आलेल्या आवाजाची जास्त.

महालिंगप्पा पुन्हा कधी भेटला नाही. सिमेंटचा ट्रक गेला की मी मात्र मान वळवून बघते. भुऱ्या आता माझ्यापेक्षा उंच झाला आहे, वाढबिढ काही खुंटली नाही. संध्याकाळी तो माळावर लांब चरत असतो. तेव्हा मी पोटभर श्वास घेते आणि मोठ्यानं हाक मारते. आणि तो येतो.